झोपेतून उठवून विचारणाऱ्या सिस्टर

दुपारी झोपलेल्या माणसाला उठवून प्रश्न विचारणं आमच्या यवतमाळात तरी सभ्यपणाचं समजत नाहीत. एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. बारा वाजले की रस्ते ओस पडतात, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, कुत्री नालीच्या गार गाळात जाऊन पडतात आणि घराघरांतून कूलरची घरघर सुरू होते. त्या आवाजात माणूस झोपत नाही, बुडतो. अशा बुडालेल्या माणसाला खांद्याला धरून वर काढायचं, हातात कपबशी द्यायची आणि त्याचे डोळे नीट उघडायच्या आत विचारायचं, "आत्ता काय करावंसं वाटून राह्यलं?" हा उद्योग आमच्या घरमालकीणबाई नेमाने करायच्या.

सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. कधीकाळी त्या सरकारी नर्स होत्या. खेड्यातल्या उपकेंद्रात त्यांची कायमची नोकरी होती. ती त्यांनी एक दिवस सोडून दिली, पण नाव काही सुटलं नाही. भाजीवालाही कोथिंबिरीची जुडी पुढे करत "सिस्टर, संभार घ्या, ताजा आहे" असंच म्हणायचा. मी त्यांच्याकडे मागची खोली भाड्याने घ्यायला गेले तेव्हा त्या अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर बसून भेंड्या चिरत होत्या. उंच, काटक बाई. पांढरे केस बारीक कापलेले आणि पायांत पुरुषांचे बूट.

"काय करते वं तू?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"कॉलेजात तासिकेवर शिकवते. मराठी. आणि परीक्षांचा अभ्यास करते."

"ते तं पोटासाठी झालं. रिकामी बसली की काय करते?"

"रिकामी बसतच नाही मी." मला वाटलं, घरमालकिणीला हे उत्तर आवडेल.

त्यांनी सुरी थांबवली आणि माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. "बापा! एवढी वाईट गत? घे मंग खोली. रिकामं बसायले शिक इथं."

मी ढाणकीची. वडिलांचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान. एम.ए. झाल्यावर यवतमाळला आले ती नोकरी लागेपर्यंत राहायचं म्हणून. 'नोकरी लागणं' हा शब्द आमच्या घरात दिवा लागणं, पाऊस लागणं यांच्याच रांगेतला होता. ती कधीतरी लागणारच, आपण फक्त तयार राहायचं. परीक्षा येत होत्या, पुढे ढकलल्या जात होत्या, पुन्हा येत होत्या. मधल्या काळात मी तासिका घेत होते आणि दुपारी घरी येऊन झोपत होते. आणि सिस्टर मला उठवत होत्या.

पहिले काही महिने माझं उत्तर ठरलेलं होतं. "अभ्यास करायला हवा."

"हवा-नको नाही इचारलं म्या. वाटून काय राह्यलं ते सांग."

"काही नाही वाटत."

"बरं. उद्या पाहू." त्या शांतपणे कपबशी घेऊन जायच्या. राग नाही, उपदेश नाही. डॉक्टरांनी रोज ताप बघायला सांगितलेल्या पेशंटसारखी मी होते. आज काही नाही, उद्या बघू.

एकदा मी वैतागून विचारलं, की हे झोपेतच कशासाठी विचारायचं? संध्याकाळी गप्पा मारताना विचारा. त्या म्हणाल्या, "माणूस पुरता जागा झाला की खोटं बोलते. डोळे उघडले की त्याले आधी घरचे आठवतात, मंग पगार आठवते, मंग लोक काय म्हनतीन ते आठवते. त्याच्या आधी एक घडीभर तो कोणाचाच नसते. तेवढ्यात इचारून घ्यायचं."

हा प्रश्न त्या स्वतःलाही विचारायच्या, आणि त्यातूनच त्यांचे धंदे निघायचे. एका दुपारी जाग आली तेव्हा ओल्या मातीत हात घालावासा वाटला, म्हणून त्यांनी अंगणात गुलाबाची रोपवाटिका काढली. मे महिन्यात सगळी रोपं करपली. पुढे अळिंबी पिकवायचं मनात आलं. न्हाणीघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत पेंढ्याच्या पिशव्या टांगल्या. त्या सडल्या, आणि गल्लीतल्या लोकांनी नगरपालिकेत तक्रार करायची धमकी दिली. मग लग्नकार्याला मोठी भांडी भाड्याने देणं झालं, ते काही वर्षं बरं चाललं. फाटकावर पत्र्याची एक पाटी होती. दर धंद्याला त्या तीच पाटी पुन्हा रंगवून घ्यायच्या. मी राहायला गेले तेव्हा तिच्यावर 'स्कूटी शिकवून मिळेल, फक्त महिला' असं होतं आणि त्या पांढऱ्या अक्षरांखालून गुलाबातला 'गु' अजून डोकावत होता. येणारी-जाणारी पोरं त्यावर हसायची. सिस्टर म्हणायच्या, "हसू दे. वाचून तं राह्यले."

नोकरी का सोडली, याची त्यांच्याकडे माणसागणिक वेगळी गोष्ट होती. कोणाला सांगायच्या, डॉक्टरशी भांडण झालं. कोणाला सांगायच्या, पांढरी साडी धुऊन धुऊन कंटाळले. मला सांगितली ती एसटीची. उपकेंद्रात जायला एकच गाडी होती, ती कधी यायची, कधी नाही. स्टँडवर बसून वाट बघायची. कडेवर लेकरू घेतलेल्या बायाही त्यांच्यासोबत बसलेल्या असायच्या. "एक दिवस वाट पाहता पाहता डोया लागला. उठली तं गाडी निघून गेलती. मले वाईट वाटायले पायजे होतं. मले एवढं मोकळं वाटलं, का मी थेट पायी घरी आली अन् राजीनामा लिहिला."

"आणि यजमान काय म्हणाले?"

"थे तवा होते. आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी म्हनले, भाजीत मीठ कमी हाय."

स्कूटी शिकवणं हा त्यांचा सगळ्यांत यशस्वी धंदा. सकाळी उन्हं चढायच्या आत शहराबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर त्या बायांना घेऊन जायच्या. गृहिणी, शिक्षिका, अंगणवाडीतल्या ताई. साडीचा पदर कमरेला खोचून पन्नाशीच्या बाया स्कूटीवर बसायच्या आणि सिस्टर बूट आपटत मागे धावायच्या. "पायाकडे नको पाहू! जिकडं जायचं तिकडं पाह्य!" कोणी नीट चालवायला लागली की त्या गाडी सोडून द्यायच्या, पण धावायच्या थांबायच्या नाहीत. त्यामुळे आपण एकटीनेच गाडी चालवतोय हे त्या बाईला बराच वेळ कळायचंच नाही.

एकदा एक बाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. सिस्टरनी तिथल्या तिथे वर्तमानपत्राची जाड घडी करून तिच्या ओढणीने हात बांधला, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तिचा नवरा फाटकाशी येऊन ओरडायला लागला. गल्ली जमा झाली. या वयात बायकांना कशाला हवं हे, तुम्हाला नोकरी जमली नाही म्हणून दुसऱ्यांच्या बायका बिघडवता काय, असं बरंच काही. सिस्टर फाटकाला टेकून सगळं ऐकत राहिल्या. तो दमला तेव्हा म्हणाल्या, "पानी घेता काय, भाऊ?" मग पाणी पिणाऱ्या त्या माणसाला त्यांनी हळूच विचारलं, "प्लास्टर निघालं का तिले परत आणान ना? अर्ध्यात सुटलं तं भेव बसते मनात." त्याने ग्लास ठेवला आणि निघून गेला. पण पावसाळा संपता संपता ती बाई आली, आणि तिला मैदानावर सोडायला तोच आला होता. तो दूर बाभळीखाली उभा राहून बघत होता.

माझ्या बाबतीत जे घडलं त्याला सिस्टरचे डोळे कारणीभूत झाले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायचं नाही, धुळीत जायचं नाही. शिकवणी बंद पडली. त्या चिडचिड करायला लागल्या, म्हणून मी दुपारी त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. पेपर, दिवाळी अंकांतल्या जुन्या कथा, माझ्या तासिकेसाठीचे धडे, काहीही. काळा चष्मा लावून त्या बाजेवर आडव्या पडायच्या. पडदे ओढलेले, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, छतावर पाण्याच्या बादलीतून उठलेला उजेड हलतोय, आणि त्या सगळ्यात माझा आवाज. हळूहळू मला तो माझा वाटेनासा व्हायचा. कोणीतरी दुसरीच, माझ्यापेक्षा निवांत आणि खोल बाई वाचते आहे आणि मी ऐकते आहे, असं वाटायचं.

दहा मिनिटांत सिस्टर झोपायच्या. मला ते लागलं. "एवढं कंटाळवाणं वाचते का मी?"

"वेडी हाय काय? ऑपरेशनपासून मले झोप नाही. तू वाचलं का येते. ज्याच्यावर भरोसा नाही त्याच्यासमोर कोनी झोपते काय?"

चौकशीला आलेल्या बायाही मग बसून ऐकायला लागल्या. त्यांत शबानाभाभी होत्या. त्यांचे मियाँ मेकॅनिक, सिस्टरची स्कूटी तेच दुरुस्त करायचे. भाभी स्कूटी शिकून आता घरोघरी डबे पोचवत. एक दिवस त्यांनी फोन पुढे केला. "इसमें एक कहानी बोल दो ना. डबे बनाते बनाते सुनूँगी. टीव्ही देखूँ तो रोटी जलती है." मी कथा रेकॉर्ड करून दिली. दोन दिवसांनी भाभी दुसरी मागायला आल्या. ती पहिली कथा त्यांच्या बहिणीच्या आणि नणंदेच्याही फोनवर जाऊन बसली होती.

त्या आठवड्यात एका दुपारी सिस्टरनी मला उठवलं. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर ढकललेला, हातात कपबशी. "आत्ता काय करावंसं वाटून राह्यलं?"

"वाचावंसं," मी म्हणाले. "मोठ्यानं."

सिस्टर चहा देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशीचा चहा मात्र त्यांनी दुधाचा, वेलची घालून केला होता.

पुस्तकं आवाजात काढणाऱ्या एका पुण्याच्या कंपनीला मी नमुना पाठवला. त्यांनी एक छोटं पुस्तक दिलं. मी खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या, खिडकीला गोधडी टांगली. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद ठेवावा लागायचा. भर उन्हाळ्यात, बंद खोलीत घामाने निथळत मी हिमालयातल्या बर्फाची वर्णनं वाचली आहेत. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की थांबायचं, ती विरली की पुन्हा सुरू करायचं. सिस्टर फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि हॉर्न वाजवणाऱ्यांना दम द्यायच्या, "हळू रे! पोरगी वाचून राह्यली!"

आणि तेव्हाच ढाणकीहून बाबांचा फोन आला. ओळखीतून एका पतसंस्थेत जागा झाली होती. क्लार्कची, पण कायमची. सोमवारी कळवायचं होतं. मी फोनवर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. रविवारी सकाळी बाबा स्वतःच आले, पहिल्या गाडीने.

बाबा कमी बोलणारे. त्यांनी माझी गाद्या लावलेली खोली बघितली. गादीवर बोट दाबून पाहिलं. "हे काय, गोडाऊन हाय का?" मी त्यांना हेडफोन लावून माझं वाचन ऐकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढले, घडी करता येत नसतानाही त्यांची घडी करायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "चांगलं हाय. पण हे काम म्हणजे काय, हे मी लोकाइले काय सांगू?"

खरं तर मलाही कोणाला काय सांगावं ते कळत नव्हतं.

सिस्टरनी पाटोडीचा झणझणीत रस्सा केला होता. बाबा घाम पुसत पुसत जेवले. जेवणानंतर सिस्टरनी त्यांना पुढच्या खोलीत कूलरसमोर बाज टाकून दिली. प्रवासाने थकलेले बाबा लगेच झोपले. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून होते. संध्याकाळच्या गाडीआधी ते हो म्हणवून घेतील आणि मी म्हणेनही, हे मला ठाऊक होतं. चार वाजता सिस्टर कपबशी घेऊन आत गेल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी धडपडत उठले. पण उशीर झाला होता. त्यांनी बाबांच्या खांद्याला हात लावला होता.

"भाऊ, उठा. आत्ता काय करावंसं वाटून राह्यलं?"

बाबांनी डोळे उघडले. ते छताकडे बघत होते. आणि लहान मुलासारख्या आवाजात म्हणाले, "गाडी सुटली काय?"

"कोणची गाडी?"

"मामाची. ट्रक. मले जायचं हाय."

मग ते भानावर आले, उठून बसले, माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळले. पण सिस्टरनी चहा हातात दिला आणि समोरच मांडी घालून बसल्या, तेव्हा बाबांनी सांगितलं. मी जन्मभर त्यांची मुलगी, पण हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या मामाचा ट्रक होता. कापसाच्या गाठी घेऊन तो दक्षिणेत जायचा. बारावीच्या सुट्टीत बाबा क्लिनर म्हणून एका खेपेला गेले होते. पहाटे घाट उतरताना समोर धुकं होतं आणि मामाने काही वेळ स्टिअरिंग त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी ठरवलं होतं, हेच करायचं. परत आले तर आजोबांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं. मामा पुढच्या खेपेला निघाला तेव्हा बाबा दुकानात सरकीच्या पोत्यांवर झोपले होते. कोणी उठवलं नाही.

"मंग काय," बाबा म्हणाले, "दुकान चांगलं चाललं. तक्रार नाही."

"नाही ना," सिस्टर म्हणाल्या. "चहात साखर पुरली का?"

मी बाबांना स्टँडवर सोडायला गेले, सिस्टरच्याच स्कूटीवर. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "पतसंस्थेवाल्याले मी सांगतो. येत्या दसऱ्यापावतर पाह्य तू. मंग आपुन बोलू." गाडी हलली तेव्हा पुढे सरकून ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

दसरा आला आणि गेला. बाबांनी विषय काढला नाही. लोकांना ते सांगत, "पोरगी पुस्तकं बोलते." मला कामं मिळत गेली. दोन वर्षं बरी गेली. मग एक दिवस त्या कंपनीचं कळवणं आलं की आता बरीचशी पुस्तकं मशीनच्या आवाजात काढणार आहोत. काम निम्म्याहून कमी झालं. मी मशीनचा तो आवाज ऐकला. त्यात चूक काढायला जागा नव्हती. मी खूप घाबरले.

आणि नेमक्या त्याच दिवसांत सिस्टर मला न विचारता, न सांगता एक गोष्ट करून बसल्या. त्यांनी स्कूटी शबानाभाभींना दिली, घराची किल्ली भाचीकडे दिली, मला म्हणाल्या, "तू राह्य इथंच, कडुनिंबाले पानी घालत जाय," आणि वणीला निघून गेल्या. भाभींकडून कळलं, की सिस्टरनी नोकरी धरली आहे. मुलींच्या एका खासगी वसतिगृहात. वॉर्डनची.

मला वाटलं, फसवलं या बाईने. त्यांच्या जिवावर मी कायमची जागा सोडली होती आणि आज माझं काम हातातून निसटत असताना त्या स्वतः पगारावर जाऊन बसल्या होत्या. दोन आठवडे मी फोन केला नाही. मग एका सकाळी उठले आणि वणीची गाडी पकडली.

वणीत शिरताना कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळसर, दोरीवर वाळत घातलेले कपडेही तसेच. वसतिगृहाच्या ऑफिसात सिस्टर टेबलामागे बसल्या होत्या. केस तसेच बारीक, पायांत तेच बूट, गळ्यात मात्र फोटोचं ओळखपत्र. मला बघून त्या एवढ्या खूश झाल्या की माझा निम्मा राग तिथेच गेला. उरलेला मी बोलून टाकला.

"तुम्ही नोकरी सोडली होती. सगळ्यांना तेच शिकवलं. आणि आता?"

"म्या शिकवलं?" त्यांना खरंच नवल वाटलं. "कवा?"

"मग काय शिकवलं?"

"काहीच नाही वं. मी इचारत होती." त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "तवा सोडावीशी वाटली. आता करावीशी वाटली. इथं लेकी हायत, कोळशाच्या धुळीनं खोकतात रातभर, कोनी पाहणारं नव्हतं. अन् पाह्य," त्या पुढे वाकून गुपित सांगितल्यासारखं म्हणाल्या, "पगारी रजा भेटते!"

मी हसले आणि मग रडले. मशीनचं सगळं सांगितलं. त्यांनी तोडगा सांगितला नाही. डबा उघडला, आम्ही दोघींनी खाल्लं. मध्येच एक मुलगी ताप आहे म्हणून आली, तिच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी तिला गोळी दिली आणि झोपायला पाठवलं. मी बघत राहिले. त्या हाताला इतकी वर्षं रिकामं ठेवलं होतं असं कुठेच दिसत नव्हतं.

यवतमाळला परतल्यावर मी जे करत गेले ते असंच, विचारत विचारत. बाभुळगावच्या शाळांमध्ये मुलांना मोठ्याने वाचायला शिकवते. डोळ्यांनी न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची क्रमिक पुस्तकं आवाजात काढते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना हवं ते वाचून दाखवते, काही जणांना मुलांची जुनी पत्रं हवी असतात. काही महिने चांगले जातात, काही नाही. या कामाला नाव नाही. मला बघायला आलेल्या एका मुलाने विचारलं तेव्हा मला पाव तास लागला होता सांगायला, आणि त्याने तो पाव तास मन लावून ऐकलं. पुढे मी त्याच्याशीच लग्न केलं.

वणीहून निघाले त्या दिवशी सिस्टर मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. संध्याकाळ होत आली होती. मुली कॉलेजातून परतत होत्या, एकेक करून त्यांच्या बाजूने आत जात होत्या, आणि सिस्टर प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारत होत्या. मी म्हणाले, "स्टँडपर्यंत चला ना, वाटेत रसवंती आहे." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. रसवंतीची घुंगरं तिथपर्यंत ऐकू येत होती. त्यांना रस फार आवडायचा.

"नाही वं," त्या म्हणाल्या आणि गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "मी ड्यूटीवर आहे."

आणि एखाद्या नव्याने कामाला लागलेल्या पोरीसारख्या ताठ उभ्या राहून त्यांनी फाटक लावून घेतलं.